आधी चटई, मग तंबू!

माझ्या पहिल्या कॅम्पिंगची शॉपिंग मी तंबूपासून सुरू केली. फोटोत तोच तर दिसतो ना! नारिंगी, दोन माणसांचा, एकदम झक्कास. बजेट तिथेच संपलं. बाकी काय, कॉलेजची सॅक होतीच. डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि माझी मैत्रीण लोणावळ्याला उतरलो आणि राजमाचीची वाट धरली.

लोणावळा ते गडाखालची उधेवाडी हा साधारण 15 किलोमीटरचा रस्ता. चढ फारसा नाही, म्हणून नवख्यांना सगळे हाच सुचवतात. पण माझ्या सॅकला कंबरपट्टाच नव्हता. तासाभरात खांद्यांवर वळ उठले. शेवटी मैत्रिणीने तिची सॅक माझ्या पाठीवर चढवली, पट्टा कंबरेच्या हाडावर आवळला, खांद्याचे पट्टे किंचित सैल केले. वजन तेवढंच, पण खांदे मोकळे!

तेव्हापासून दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघणं बंद. आत आठ-दहा किलो भरायला लावते (दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे) आणि दहा मिनिटं फिरते. एका रात्रीला 40-50 लिटरची सॅक पुरते. जड वस्तू पाठीलगत, मधोमध. शूज घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. आणि नवे कोरे शूज थेट ट्रेकला नकोत.

उधेवाडीत एका घरी पिठलं-भाकरी हाणली आणि त्यांना विचारून अंगणातच तंबू ठोकला. रात्री दोनला जाग आली ती दात वाजत. स्लीपिंग बॅगमध्ये असूनही पाठ बर्फ! अंगाखाली बॅगेचं भरण दबतं, त्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊबही. त्यासाठीच फोमची कॅरीमॅट असते. मी ती ‘उगाच कशाला’ म्हणून दुकानातच ठेवली होती. त्यात थंडी नको म्हणून तंबूच्या जाळ्या गच्च बंद केलेल्या, त्यामुळे श्वासाची वाफ छताला लागून ठिबकत होती. अंगात घामाने ओला झालेला कॉटनचा टीशर्ट. थरथर थांबेचना. मैत्रीण खरंच घाबरली.

आवाजाने घरातल्या मावशी कंदील घेऊन बाहेर आल्या. ‘‘पांघरायचं राहू दे गं पोरी, आधी खाली काहीतरी घाल!’’ म्हणत त्यांनी घोंगडी आणली. मैत्रिणीने कोरडे कपडे चढवायला लावले. अर्ध्या तासाने कुठे माझी बोटं हलायला लागली.

सकाळी श्रीवर्धनवर चढले, पण जरा गुमानच. सोमवारी ऑफिसातून मैत्रिणीचा मेसेज आला, ‘‘मॅट घेतलीस का?’’ घेतली. त्याच संध्याकाळी. शिवाय हेडलॅम्प आणि झोपायला कोरड्या कपड्यांचा वेगळा जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून.

तंबू माळ्यावर आहे. दोन माणसांचा, नारिंगी, एकदाच वापरलेला. कुणाला हवाय?