मार्च एंडिंगचं सूप

कॅलेंडर काहीही म्हणो, ऑफिसवाल्यांच्या जगात वसंत ऋतूचं नाव एकच, मार्च एंडिंग! बाहेर पळस-पांगारा फुललेला, कोकीळ सकाळपासून सुरू झालेला आणि आपण मात्र ट्यूबलाइटखाली आकडे जुळवतोय. ३१ मार्चपर्यंत भूक, झोप, संसार सगळं पेंडिंग.

माझा नवरा बँकेत आहे. मी फ्रीलान्सर, म्हणजे कायम घरात आणि कायम डेडलाइनवर. मागच्या मार्चमध्ये तो रोज रात्री साडेदहा-अकराला यायचा. त्या वेळी पोळी-भाजी नको वाटते, बिर्याणीचं पार्सल छातीवर बसतं आणि उपाशी झोपलं की पहाटे अ‍ॅसिडिटी ठरलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि आमचं बोलणं मेसेजपुरतं उरलं होतं. 'लाइट बिल भरलंस?' 'हो.' 'गुडनाइट.'

मग मी सूप करायला लागले. पाकिटातलं नव्हे हं! पाकिटामागचा सोडियमचा आकडा एकदा वाचाच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ पुरे म्हणते. हॉटेलातलं सूप दाट दिसतं ते बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअरमुळे. आणि या दिवसांत मंडई शेवग्याच्या शेंगांनी भरलेली असते. मग वेगळं काही शोधायचं कशाला?

दोघांसाठी तीन कोवळ्या शेंगा, वाटीभर दुधीच्या फोडी, अर्धा कांदा आणि दोन चमचे मुगाची डाळ. शेंगा बोटभर कापून वेगळ्या भांड्यात, बाकी सगळं दुसऱ्या भांड्यात; दोन्हीत पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या. शेंगा उभ्या चिरून गर चमच्याने खरवडायचा. अख्ख्या शेंगा मिक्सरमध्ये टाकायच्या नाहीत, नाहीतर सुपात दोरे येतात. गर, दुधी आणि डाळ निवल्यावर फिरवा (गरम असताना झाकण उडतं), गाळा आणि शेंगांचं पाणी घालून उकळा. दाटपणा डाळ देते. चमचाभर तुपात जिरं आणि दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या, वरून मिरपूड. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा, म्हणजे मीठ कमी असलं तरी चालून जातं.

आयुर्वेदातली ऋतुचर्या सांगते, की थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते. तेव्हा जड, तेलकट, गोड कमी खा, मूग खा. ऑफिसवाल्यांच्या भाषेत, पोटावर ओव्हरटाइम लादू नका!

गंमत म्हणजे गरम सूप घटाघटा पिता येत नाही. वीस मिनिटं बसावंच लागतं. पहिले दोन दिवस आम्ही नुसतेच फुंकर मारत बसलो. तिसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरची नक्कल केली. पाचव्या दिवशी चमचा खाली ठेवून म्हणाला, "अगं, बदली होईल बहुतेक. नागपूर. आठवडाभर सांगायचं राहतंय."

त्या रात्री एक वाजेपर्यंत बोललो. माझं काम कुठूनही होतं, पण आई-बाबा इथे पुण्यात. फ्लॅटचा हप्ता इथला. भांडलोही थोडं. तरी ठरवलं दोघांनी, एकाच टेबलावर बसून. मेसेजमध्ये कळलं असतं तर ते भांडण निस्तरायला किती दिवस लागले असते, कोण जाणे.

जूनमध्ये तो गेला. मी महिन्यातले दहा दिवस तिकडे असते, लॅपटॉप काय कुठेही उघडतो. यंदाच्या मार्चमध्ये त्याने फोन स्पीकरवर टाकून स्वतः शेंगा कापल्या. "किती शिट्ट्या?"

"तीन. आणि मिक्सर लगेच लावू नकोस!"

तुमचंही मार्च एंडिंग असंच जात असेल, तर रविवारी सकाळी शेंगा आणून ठेवा. दोनच वाट्या घ्या आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.