मांडणीवरची भांडी आणि खिशातला फोन

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा रमजान सुरू होता. सव्वाचार वाजून गेले होते, म्हणजे सहेरीची वेळ. आमच्या पाटण तालुक्यात सुमारे 180 माणसे गेली, असे नोंदीत आहे. ज्या घरांत चूल पेटलेली होती तिथली माणसे निदान जागी होती. अम्मी तेव्हा बारा वर्षांची. ती सांगते, "आधी जमिनीखालून भरलेला गाडा जावा तसा आवाज आला. मग मांडणीवरची भांडी वाजली. घर हललं ते त्यानंतर." नानीने भांडी वाजायची वाट पाहिली नाही. पहिल्या आवाजालाच पोरांना ओढून अंगणात काढले.

लहान धक्के इथे अजूनही बसतात. अम्मी भाजी निवडत असली तरी मान वर करते आणि म्हणते, "आला." आपल्याला कळते ते त्यानंतर. शेजारपाजारच्या बायका याला तिचा वहीम म्हणतात. वहीम कसला? भूकंपाच्या दोन मुख्य लाटा असतात. पहिली वेगाने येते, पण तिचा जोर कमी असतो. घरे पाडते ती मागून येणारी दुसरी. पहिली लाट जमिनीवर पोहोचली की हवाही थरथरते आणि तीच घरघर कानाला ऐकू येते. अम्मी पहिली लाट ऐकते, एवढेच.

आता हेच काम फोन करू पाहतो. 2023 च्या सप्टेंबरमध्ये गूगलने अँड्रॉइड फोनवरची भूकंपाची सूचना भारतात सुरू केली. स्क्रीन आडवी-उभी फिरवणारा जो भाग फोनमध्ये असतो, तोच स्थिर ठेवलेल्या फोनला ही पहिली थरथर कळवतो. एकाच भागातल्या पुष्कळ फोनांनी एकदम कळवले की सूचना निघते. धक्का जोराचा असेल तर फोन मुका ठेवलेला असला तरी मोठ्याने ओरडतो.

पण पुण्या-मुंबईला जे काही सेकंद मिळू शकतात ते आम्हाला मिळणे कठीण. केंद्र आमच्या पायाखालीच असले तर दोन लाटांत जेमतेम एक-दोन सेकंदांचे अंतर राहते. शिवाय ही सूचना 4.5 किंवा त्याहून मोठ्या भूकंपाचीच येते. आमचे रोजचे पाहुणे त्याहून लहान.

मला त्याहून मोठी अडचण वाटते ती आवाजाची. जमिनीच्या घरघरीचा अर्थ एकच असतो. फोन मात्र रिचार्ज संपला तरी वाजतो, लग्नाचे आमंत्रण आले तरी वाजतो. 2023 मध्येच सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, तेव्हा माणसे मान खाली घालून स्क्रीन बघत उभी राहिली. दाराकडे कुणी पाहिले नाही. अम्मीला फक्त उर्दू वाचता येते, म्हणून तिच्या फोनची भाषा मी उर्दू करून दिली. तरी तिचे म्हणणे असे, की वाचत बसायला वेळ असेल तर तो भूकंप कसला!

तरीही मी फोनला नाकारत नाही. सगळ्यांनाच अम्मीचे कान नसतात, आणि उद्या आमची मुले नोकरीसाठी लांबच्या शहरात असतील, तिथे तेच काही सेकंद कामाला येतील. फोनच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षितता आणि आणीबाणी' खाली भूकंपाच्या सूचनेचा नमुना ऐकायला मिळतो. (निरनिराळ्या फोनांवर नाव थोडे वेगळे असते. घरी एकदा शोधून सगळ्यांना ऐकवा.) वर्गात मी तो वाजवते. पहिल्या दिवशी मुले हसली. एक मुलगी माझा फोन बंद करायला धावली, कारण वर्गात फोन वाजला की तो बंद करायचा हेच तिला माहीत. चौथ्या वेळी आवाज निघताच सगळी डोकी बाकाखाली गेली.

मग एकाने बाकाखालूनच विचारले, "टीचर, फोन तर अब्बू कामावर घेऊन जातात." मी त्याला मांडणीवरच्या भांड्यांचे सांगितले. तो म्हणाला, "आमच्याकडे भांडी कपाटात असतात, टीचर. वाजत नाहीत."