उथळ पाण्याचं गिऱ्हाईक

औंढा नागनाथाला येणारी गर्दी सिद्धेश्वर धरणाकडे फारशी वळत नाही. वळलीच तर भिंतीवरून पाणी पाहून परतते. चित्रबलाक पक्षी पाहायचे तर उन्हाळ्यात फुगवट्याच्या टोकाला, गाळपेरीच्या कडेकडेनं चिखल तुडवत जावं लागतं.

एप्रिलात असाच तिथं बसलो होतो. समोर घोटाभर पाण्यात दहाबारा पक्षी, जवळजवळ मीटरभर उंच. पांढरं अंग, छातीवर काळा खवलेदार पट्टा, बोडकं नारिंगी डोकं, टोकाशी वाकलेली जाड पिवळी चोच आणि शेपटीवर उतरलेली गुलाबी पिसं. लग्नातल्या करवलीनंही इतकं नटू नये! कळपात मळकट तपकिरी पिल्लंही होती. त्यांना हा थाट यायला दोन-तीन वर्षं लागतात.

पण रंगापेक्षा मला त्यांच्या खाण्यानं खिळवून ठेवलं. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवायची, डावी-उजवीकडे फिरवत चालायचं, पायानं गाळ ढवळायचा. बिथरलेली मासळी चोचीला लागली की चोच खटकन मिटते. शेजारी बगळा पाण्यावर नजर रोखून उभा होता. चित्रबलाकाला मात्र नजर रोखायची गरजच नाही.

“फोटो काढायलेत का?” जाळं आवरत एका भोईकाकांनी विचारलं. मग तेच म्हणाले, “ह्ये बगळ्यावानी टक लावत न्हाई बघा. चाचपून खातंय.”

गढूळ पाणी त्याला चालतं, खोल चालत नाही. म्हणजे आपल्याकडं टंचाईची ओरड सुरू झाली की याची सुगी. पूर्णेवर वरच्या अंगाला येलदरी धरण आहे. तिथून पाणी सुटलं की सिद्धेश्वर चढतं आणि इथून ते कालव्यानं वसमतकडच्या शिवाराला जातं. पिकाला पाण्याची पाळी मिळते, ते योग्यच. चित्रबलाकाचं ताट मात्र बुडतं. घरटी पाहायला लोक भिगवणजवळच्या भादलवाडीला जातात, मोठमोठ्या लेन्स घेऊन. पाण्याचा हा हिशेब समजून घ्यायला मला सिद्धेश्वरच बरं वाटतं.

पुढच्या खेपेला गेलो तर पाणी चढलेलं. घोटाभर पाण्याच्या जागी पाणकावळे बुड्या मारत होते.

“ईसापूर धरणाकडं गेली असतील,” काका म्हणाले, “तिकडं काठ उघडा पडायलाय.” आणि खोल पाण्याचं जाळं आणायला ते घराकडं निघाले.