मामाच्या गावाला, वर्ल्ड कपच्या आधी

आदिलाबाद नकाशात शोधायचं असेल तर तेलंगणाच्या अगदी उत्तर टोकाला बघा. राजधानी हैदराबाद तिथून तीनशे किलोमीटर, नागपूर मात्र दोनशेच. म्हणून न्यू जर्सीहून निघालेलं आमचं बिऱ्हाड नेहमी नागपूरला उतरतं. मग हिंगणघाट, पांढरकवडा, पाटणबोरी असं करत हायवे नंबर ४४ ने खाली यायचं. पैनगंगेचा पूल आला की महाराष्ट्र संपला. पूल ओलांडल्यावर खरं तर बदलतात त्या फक्त पाट्या. अक्षरं गोल गोल होतात. शेतं तीच, कपाशी आणि तूर. डिसेंबरात रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकलेला दिसतो, मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला. टपरीवर चहा मराठीत मागितला तर उत्तर मराठीत येतं, पैसे उर्दूच्या वळणाच्या हिंदीत मोजले जातात आणि आत दुधाची ऑर्डर तेलुगूत जाते.

आणि थंडी! "साऊथ इंडिया म्हणजे गरम" असं समजून आमच्या लेकीने एकच हूडी घेतली होती. आदिलाबाद हा तेलंगणातला सगळ्यात थंड भाग समजला जातो. पहिल्याच रात्री मामींनी तिच्यावर दोन वाकळा घातल्या.

लेक तेरा वर्षांची आहे आणि सध्या तिच्या जगात एकच विषय आहे: सॉकर. (आदिलाबादेत सगळे फुटबॉल म्हणतात. तीही दोन दिवसांत फुटबॉल म्हणायला लागली.) बॅगेत हवा काढलेला चेंडू, अंगात अमेरिकेच्या टीमची जर्सी. तिचा हा उत्साह समजण्यासारखा आहे. येत्या ११ जूनला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत वर्ल्ड कप सुरू होतोय, पहिल्यांदाच ४८ देशांचा, आणि १९ जुलैची फायनल आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिकिटाचं विचारू नका.

मला वाटलं होतं, मामाच्या गावाला गेल्यावर हा विषय चार दिवस तरी बंद राहील. पण आदिलाबादेत पोरं मेस्सीनेच भारावलेली होती. आम्ही पोहोचण्याच्या आठवडाभर आधी, १३ डिसेंबरला, मेस्सी हैदराबादला उप्पलच्या स्टेडियममध्ये येऊन गेला होता. मामेभावाच्या मुलाने तो कार्यक्रम फोनवर इतक्या वेळा पाहिला होता की कुठल्या मिनिटाला काय झालं हे तो न बघता सांगत होता. अर्जेंटिनाची पट्ट्यापट्ट्यांची जर्सी त्याने बाजारातून आणली होती. 'मेस्सी'च्या स्पेलिंगमध्ये एक 'एस' कमी होता, पण ते सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दोघं इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर गेले. मीही शाल गुंडाळून मागे. फेऱ्या मारणारे आजोबा, एका बाजूला क्रिकेट, आणि एका कोपऱ्यात चपलांचे गोलपोस्ट करून फुटबॉल. पोरांनी लेकीकडे, तिच्या बुटांकडे आणि मग जर्सीकडे बघितलं. एकाने विचारलं, "अक्का, इंडियाची जर्सी नाही का?" त्यात खोच काहीच नव्हती, दहा वर्षांचा असेल तो. पण लेकीने माझ्याकडे बघितलं, आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. खेळ सुरू झाला, तिने दोन गोल केले, विषय तिथे राहिला. तो परत निघाला तो रात्री, मामांच्या समोर.

मामांबद्दल सांगायला हवं. वय ८४. जन्म किनवटचा. आज किनवट नांदेड जिल्ह्यात, महाराष्ट्रात आहे. पण मामा जन्मले तेव्हा ते आदिलाबाद जिल्ह्यातच होतं आणि सगळाच मुलूख हैदराबाद संस्थानात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, हैदराबाद राज्य संपलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद आंध्र प्रदेशात. त्यातही किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून काढून मुंबई राज्याला दिले, आणि नांदेडकडचा भैंसा-मुधोळचा भाग आदिलाबादला जोडला. म्हणजे आमच्या आजोळचं शेत एका राज्यात आणि मामांची पुढे लागलेली मास्तरकी दुसऱ्या राज्यात. २०१४ ला तेलंगण झालं, २०१६ ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. मामा घरातून हलले नाहीत, पत्ता मात्र बदलत राहिला.

रात्री जेवणं झाल्यावर (ज्वारीची भाकरी, ठेचा, वरून तेल, लेकीने ठेचा फक्त पाहिला) तिने विचारलं, "आजोबा, तुमची टीम कोणती?"

मामांनी क्षणाचाही विचार केला नाही. "हैदराबाद."

ती म्हणाली, "ते शहर आहे. कंट्री?"

"तेच सांगून राहिलो न मी," मामा म्हणाले, आणि मग तासभर सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. मामांना ते जास्त जवळचे वाटतात ते त्यामुळेच, असा माझा कयास आहे. त्यांनी हैदराबाद सिटी पोलीसची टीम अशी बांधली की मुंबईचा रोव्हर्स कप तिने १९५० पासून सलग पाच वर्षं जिंकला. भारताच्या टीमचेही तेच कोच. १९५१ ला दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून सुवर्ण. १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. चार वर्षांनी मेलबर्नला बूट घालून गेलेली टीम उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली आणि चौथी आली. ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

ही तारीख मी नंतर ताडून बघितली आणि चकित झाले. ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती मॅच १ डिसेंबर १९५६ ची. हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं त्याला बरोबर एक महिना झाला होता, आणि त्या नसलेल्या राज्याचे बलराम, नूर मोहम्मद, अझीझ, झुल्फिकार भारताच्या टीममध्ये होते. एवढंच नाही, १९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन्ही वर्षी राज्यांची संतोष ट्रॉफी जिंकली ती हैदराबाद नावाच्या टीमनेच. दोन्ही फायनलमध्ये हरली मुंबई.

"राज्य गेलं, टीम राह्यली," मामा म्हणाले.

मामा तेव्हा हैदराबादला शिकायला होते, १९५८ ते ६२. फतेह मैदानावर मॅच असली की वसतिगृह रिकामं. १९६२ च्या जकार्ताच्या फायनलची बातमी त्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली, तरी सांगतात अशी की जणू मैदानातच होते. साखळी सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला हरवलेलं. भारतीय पथकातल्या एका अधिकाऱ्याच्या वक्तव्यावरून जकार्ताचे प्रेक्षक भडकलेले, सगळं स्टेडियम आपल्या विरोधात. जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके. तो मुळात बचावपटू, रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवला. पी. के. बॅनर्जीचा एक गोल, जर्नेलचा एक. २-१. रहीमसाहेबांना कॅन्सर होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले. आशियाई फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आपल्याला मिळालेलं नाही.

लेक ऐकत होती. मग तिने सकाळचाच प्रश्न तिच्या पद्धतीने विचारला. "मला इंडियाकडून खेळायचं असेल तर खेळता येईल?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे. त्यावर ती हवं तेव्हा येऊ शकते, राहू शकते, शिकू शकते. राष्ट्रीय टीममधून खेळू शकत नाही. त्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो, आणि तो घ्यायचा तर निळा पासपोर्ट परत करावा लागतो. आपण मोठ्यांनी उलटा प्रवास केलेला असतो. निळा पासपोर्ट घेऊन जुन्यावर 'रद्द'चा शिक्का मारून आणलेला असतो. ते काम मी एका दुपारी, ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून उरकलं होतं. तिला ते सगळं पुन्हा समजावताना शब्द जड झाले.

असं करणारे लोक आहेत, हेही सांगितलं. जपानमध्ये जन्मलेला, पुणे एफसीकडून खेळणारा इझुमी अराता जपानी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळला. आणि गेल्या वर्षीच रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा १९५६ मध्ये संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले.

"छप्पनमधी?" मामा सावरून बसले. "मंग आमच्याच पोट्ट्यायनं हरवलं असंन त्याच्या आजोबाले!"

सगळे हसले. पण लेकीच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ती म्हणाली, कुरासाओच्या प्लेयर्सना असं काही सोडावं लागलं नाही.

हे तिच्याकडूनच मला कळलं. कुरासाओ हे कॅरिबियनमधलं बेट, लोकवस्ती जेमतेम दीड लाख. तरी या वर्ल्ड कपला ते पात्र ठरलंय. इतका छोटा देश याआधी कधी पोहोचला नव्हता. त्यांचे बहुतेक सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आहेत, आजी-आजोबांच्या बेटासाठी खेळतात. बेट आणि नेदरलँड्स यांचं नागरिकत्व एकच, त्यामुळे अडचण नाही. केप व्हर्देचंही तसंच, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. त्यांचा एक बचावपटू, रॉबेर्तो लोपेस, डब्लिनमध्ये जन्मला. त्याला टीममध्ये यायचं बोलावणं लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये आलं. त्याने ते जाहिरात समजून कितीतरी महिने तसंच ठेवून दिलं होतं.

२०११ च्या जनगणनेनुसार आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांवर आहे. म्हणजे वर्ल्ड कप खेळणारे हे दोन देश आमच्या मामांच्या जिल्ह्यापेक्षा लहान. मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी दूधवाल्यालाही सांगितलं.

मामेभाऊ म्हणाला, पासपोर्टचं एवढं काय, जिवतीकडे जा. जुन्या आदिलाबादला लागून, आता आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरीच्या शेजारी, चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात डझनभर गावं आहेत. दोन्ही राज्यं ती आपली म्हणतात. तिथल्या लोकांकडे दोन मतदान कार्डं, दोन रेशन कार्डं. शाळा मराठी आणि तेलुगू, दोन्ही. मतदान दोन्हीकडे. आम्हाला ऐकायला गंमत वाटली. पण भाऊ म्हणाला, जमिनीचा कागद मागायला गेलं की दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवतात. तेव्हा गंमत वाटत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कुंतालाचा धबधबा बघून आलो. डिसेंबरात पाणी बेताचंच, माकडं भरपूर. परतताना गाडीत भाच्याने लेकीला सौम्या गुगुलोतचे व्हिडिओ दाखवले. सौम्या निजामाबादची, म्हणजे निर्मल ओलांडलं की पुढचाच जिल्हा. बंजारा घरातली मुलगी. क्रोएशियात दिनामो झाग्रेबकडून खेळून आली आणि २०२४-२५ ची देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. गेल्या जुलैत चियांग माईला थायलंडला २-१ ने हरवून आपल्या मुली आशियाई चषकाला पात्र ठरल्या. येत्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेईशी त्यांच्या मॅचेस आहेत. २०२२ ला हीच स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाली होती. तेव्हा यजमान असून पहिल्या मॅचनंतर कोविडमुळे आपली टीम बाहेर पडली. यंदा यजमान म्हणून नव्हे, पात्रता फेरी जिंकून जात आहेत. लेकीने विचारलं, मॅच आपल्याकडे रात्री किती वाजता दिसेल. 'आपल्याकडे' म्हणजे न्यू जर्सी.

निघताना दोघांनी जर्सीची अदलाबदल केली. आता आदिलाबादच्या त्या मैदानावर एक पोरगा अमेरिकेच्या जर्सीत फिरतोय आणि आमच्याकडे एक 'एस' कमी असलेला मेस्सी आला आहे.

मामांनी मात्र आपली टीम निवडली. भिंतीवर नवं कालनिर्णय नुकतंच लागलं होतं. लेकीकडून विचारून त्यांनी जूनच्या पानावर १४ तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं: कुरासाओ-जर्मनी. मामींनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, "अधिक महिना हाये तेव्हा. मॅच कसली पाहता, जावयाले बोलवा. अनारशाचं पीठ लागते आधी भिजवाले." नवरा खरंच तिकीट बघतोय. अनारशांसाठी की मामांबरोबर मॅच बघायला, ते अजून सांगत नाही.