वसंत किती फुटांवर भेटतो?

नैनितालला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची एक ठरीव रीत आहे. मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की मे महिन्याची काठगोदामची तिकिटे काढायची. मग तलावात नावेची एक फेरी, रोपवेने स्नो व्ह्यू, मॉल रोडवर रंगीत मेणबत्त्यांची खरेदी, आणि परतीचा प्रवास. यात मौज नाही असे कोण म्हणेल? पण कुमाऊंतल्या या तलावांच्या मुलखात ज्यांना पायी हिंडायचे आहे, त्यांनी मेपर्यंत थांबू नये. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा महिना हा तिथल्या वसंताचा. पुढे हवेत धुरकटपणा दाटू लागतो आणि हिमशिखरे दिवसचे दिवस दडून बसतात.

आता या महिन्यात कोणती वाट धरावी? माझे उत्तर असे, की आधी उंची पाहावी. डोंगरात वसंत पायथ्यापासून एकेक पायरी वर चढत जातो. काठगोदाम जेमतेम अठराशे फुटांवर. तिथे मार्चमध्ये आपल्या ओळखीची काटेसावर लाल झालेली दिसते. भीमताल साडेचार हजार फुटांच्या आसपास. तिथल्या परसांतून आडू, म्हणजे पीच, गुलाबी फुलतो. नैनितालचा तलाव सुमारे ६,४०० फुटांवर, आणि त्याच्या माथ्यावरचे नैना पीक साडेआठ हजारांच्या वर. खालचा बहर ओसरला, तरी वरचा अजून कळीत असतो. मार्चमध्ये गेलात तर खालचे तलाव आधी पाहा. एप्रिलमध्ये गेलात तर वरच्या वाटा धरा.

खालच्या वाटा सोप्या आहेत. नौकुचियाताल नावाप्रमाणे नऊ कोपऱ्यांचा. त्याच्या काठाकाठाने रमतगमत चालावे. भीमतालचा दगडी बांध १८८३ सालचा. सातताल मात्र दाट झाडीत लपलेला आहे. ई. स्टॅन्ली जोन्स या मिशनऱ्याने १९३० साली तिथे आश्रम स्थापला, तो आजही आहे. तिथल्या एका तळ्याचे नाव नल-दमयंती ताल! रघुनाथपंडितांचे ‘दमयंतीस्वयंवर’ वर्गात शिकवणाऱ्या माझ्यासारखीला त्या पाण्याशी जरा अधिक वेळ बसावेसे वाटले, तर नवल नाही. चैत्राच्या पहिल्या दिवशी इथली मुले पहाटे रानफुले वेचून घरोघरच्या उंबऱ्यावर ठेवतात. ‘फूलदेई’ म्हणतात या सणाला. तिथला चैत्र सूर्याच्या गतीने लागतो, म्हणून हा दिवस मार्चच्या मध्याला येतो.

उंचीनंतर पाहायचे ते झाड. या डोंगरांत दोन प्रकारची राने भेटतात. एक चीडाचे आणि दुसरे बांजाचे. चीड उंच, सरळ, दिसायला देखणा. पण त्याच्या सुयांसारख्या वाळक्या पानांचा, पिरूलचा, थर वाटेवर पसरला की उतारावर पाय हमखास सरकतो. शिवाय हा पिरूल पेटतोही चटकन. बांज म्हणजे ओक. त्याच्याखाली पाचोळा कुजून भुसभुशीत माती होते, ती पाणी धरून ठेवते, म्हणून वाटेत झरे लागतात. आणि बांजाच्याच सोबतीने बुरांस फुलतो. आपल्याकडे फाल्गुनात पळस पेटावा, तसा लालभडक. फरक इतकाच, की भोवती सगळे हिरवेगार. लहान मुले नि वडीलधारी बरोबर असतील, तर बांजाची वाट निवडावी.

आम्ही २०२३ च्या मार्चअखेरीस गेलो, तेव्हा बरोबर पंच्याहत्तरीच्या सासूबाई होत्या. त्यांची एकच इच्छा होती : नंदादेवी डोळ्यांनी पाहायची. नैना पीकची वाट मल्लीतालपासून सहा किलोमीटरांची, खड्या चढाची. आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, “दीदी, पहाडात वाट किती लांब ते विचारू नका. उतरताना गुडघे काय म्हणतील ते विचारा. माताजींना किलबरीच्या रस्त्याने न्या.” मग कन्या आणि तिचे बाबा नैना पीक चढले, आणि आम्ही दोघी पहाटे मोटारीने किलबरीच्या रस्त्याला लागलो. तिथे उतरून बांजाच्या सावलीतून सपाटीने चालत राहिलो. रस्त्यावर बुरांसाच्या फुलांचा सडा पडला होता. एका वळणावर झाडी उघडली. समोर त्रिशूल, आणि त्याच्या उजवीकडे २५,६४३ फुटांची नंदादेवी, कोवळ्या उन्हात! सासूबाईंनी हात जोडले. थोड्या वेळाने म्हणाल्या, “अगं, एवढ्यासाठीच गुडघे राखून ठेवले होते!” दहाच्या सुमारास ढग आले आणि सारे पुसले गेले. संध्याकाळी थकून परतलेल्या बापलेकीने वरून दिसलेल्या तलावाचे वर्णन केले. दोन्ही पक्ष आपापल्या वाटेवर खूश होते.

या डोंगरांची आणखी एक बाजू जाणून घ्यावी. देखणे असले तरी ते ठिसूळ आहेत. १८ सप्टेंबर १८८० रोजी नैनितालमध्ये कडा कोसळून १५१ माणसे दगावली. नैनादेवीचे देऊळही त्यात गेले, ते पुन्हा बांधावे लागले. टिफिन टॉपवरची ‘डोरोथीज सीट’ ही प्रसिद्ध बैठक ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळली. त्याच वर्षी एप्रिलअखेर आसपासची राने पेटली, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालचेच पाणी उचलून आगीवर ओतले. म्हणून मळलेली वाट सोडू नये, रानात काडी ओढू नये, आणि पाऊस होऊन गेला असेल तर खड्या उताराच्या वाटेला जाऊच नये.

तेव्हा मंडळी, पुढच्या चैत्रात बेत आखाल, तर नकाशावरचे प्रसिद्ध नाव शोधण्याआधी तीन प्रश्न विचारा : बहर सध्या किती फुटांवर आला आहे? वाट कोणत्या झाडांखालून जाते? आणि आपल्यात सर्वांत हळू चालणारे कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्या. पहिल्या दोहोंची त्यातून आपोआप मिळतात. चालताना पाण्याची बाटली जवळ असू द्या, आणि परतल्यावर बुरांसाचे लालचुटुक सरबत घ्यायला विसरू नका.