सोयरीक माशांची

नायगावात राहून माशांशी माझा संबंध आला तो दोनच ठिकाणी. एक पंचांगात, कारण माझी रास मीन; आणि दुसरा आठवडी बाजारात, तोही नाकाला रुमाल लावून. त्यातून मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जीवशास्त्राचा आणि माझा काडीमोड दहावीतच झाला आणि तो दोन्ही पक्षांनी आनंदाने मान्य केला. असे असताना एके दिवशी बँकेत माझ्या टेबलासमोर मासा येऊन उभा राहिला. म्हणजे प्रत्यक्ष मासा नव्हे, माशाचे कर्जप्रकरण.

प्रकरण घेऊन आले होते भोई गल्लीतले मामा. त्यांच्या मच्छीमार संस्थेने एक तलाव ठेक्याने घेतला होता आणि बोटुकली सोडायला पैसे हवे होते. मत्स्यव्यवसायाचे फॉर्म नेमके संपलेले. पण मी पडलो तत्पर कारकून. दुभत्या जनावरांचा फॉर्म काढला, 'जनावर' खोडून वर 'मासा' लिहिले आणि कामाला लागलो. 'दररोजचे दूध' हा रकाना मी स्वतःच्या अधिकारात वगळला.

"शिंगे आहेत की नाहीत?"

"शिंगट्याला असत्यात की," मामा शांतपणे म्हणाले.

पुढचा रकाना होता 'देशी / संकरित. नको ते खोडा.' इथे मामांनी पेन खाली ठेवले.

"साहेब, आमच्या दावणीला तीन पिढ्या लाल कंधारी होती. मग संकराचं वारं आलं. जर्सी आली, दूध वाढलं, खोटं कशाला बोलू? पर आता दावणीला लाल कंधारीचं एक वासरू नाही. इकडं नदीतली मरळ, वांब कमी व्हायलीत. आमचं पोरगं म्हणतं, शास्त्रज्ञ लोक माशांचा बी संकर करून जात वाचवायलेत. तर संकरानं जात वाचती का बुडती, तेवढं सांगा. मग खोडतो."

लाल कंधारी म्हणजे आमच्या शेजारच्या कंधारचे नाव देशभर नेणारी गाय. तिची साक्ष निघाल्यावर मला काही बोलता येईना. 'चौकशी करून सांगतो' हे बँकेतले सनातन वाक्य उच्चारून मी फॉर्म घरी आणला आणि पंधरा दिवस मासे वाचले.

पहिल्याच दिवशी मला घाम फुटला. एखाद्या डोहात मोजकेच मासे उरले, की त्यांची लग्ने नात्यातच होऊ लागतात. दोन-चार पिढ्यांत सगळेच एकमेकांचे चुलत-मावस. मग वंशातले लपलेले दोष वर येतात, पिल्ले कमजोर निपजतात, रोगाला बळी पडतात. आता वाचकहो, माझी सासू ही माझी सख्खी मामी आहे. आमच्या भागात यात नवल काही नाही. पण हे प्रकरण मी सौ.ला वाचून दाखवले नाही.

यावर उपाय म्हणजे बाहेरची सोयरीक. अमेरिकेत फ्लोरिडाच्या जंगलात पँथर नावाचे मोठे मार्जार आहे. १९९५ साली ते वीस-तीसच उरले होते. कुणाची शेपटी वाकडी, कुणाच्या हृदयाला भोक. तेव्हा टेक्सासहून त्यांच्याच कुळातल्या आठ माद्या आणून सोडल्या. पिल्ले धडधाकट झाली, संख्या शंभरावर गेली आणि काम झाल्यावर उरलेल्या माद्या २००३ साली त्या जंगलातून काढून घेतल्या. सुनेला इतक्या सन्मानाने निरोप दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

माशांतही हे घडले आहे. डासांच्या अळ्या खायला आपल्या हौदात आरोग्य खाते जो गप्पी मासा सोडते, त्याचे मूळ गाव म्हणजे त्रिनिदाद बेट आणि त्याच्या आसपासचा मुलूख. तिथल्या ओढ्यांत एकाकी पडलेल्या गप्पींमध्ये दुसऱ्या ठिकाणचे गप्पी मिसळले, तेव्हा मिश्र पिल्ले जास्त जगली, संख्या वाढली आणि मूळ गप्पींचा वारसाही पुसला गेला नाही. म्हणजे संकराने जात वाचते! मी 'देशी' खोडायला पेन उचलले.

बरे झाले, शाई वाळलेली होती. कारण पुढच्याच पानावर कटथ्रोट ट्राउट भेटला. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नद्यांतला, गळ्याखाली तांबडी रेघ असलेला हा देशी मासा. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी तिथे रेनबो ट्राउट आणून सोडला. दोघांची पटकन सोयरीक जमली, संततीलाही संतती झाली आणि कित्येक ओढ्यांत आज मासे भरपूर, पण निर्भेळ कटथ्रोट नाही.

हे मला पटकन कळले, कारण ते आमच्या खात्यातले आहे. १९४१ साली स्थापन झालेली हैदराबादची स्टेट बँक १ एप्रिल २०१७ रोजी मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली. खाती शाबूत, पैसे शाबूत, नोकऱ्या शाबूत. फक्त पाटी गेली. बँकेचे यात बिघडत नाही. माशांच्या जातीचे मात्र सगळे भांडवल त्या पाटीतच असते. अमुक नदीच्या पुरात कसे टिकायचे, कोणत्या महिन्यात अंडी घालायची, हे हजारो वर्षांचे शहाणपण एकदा विरघळले की त्याचे पासबुक पुन्हा छापून मिळत नाही.

आपल्याकडचे उदाहरण महसीर माशाचे. १९७० नंतर लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे त्यामागचे जाणकार. पिकलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराचे रेत त्यावर मिसळायचे, पिल्ले वाढवायची. तिथे महसीरच्या दोन जातींचा संकरही करून पाहिला गेला. पण मुख्य पीक होते निळसर परांच्या खुद्री महसीरचे. आपल्या पुणे भागातल्या नद्यांतला हा मासा संकटातून सावरला, हे त्या कामाचे श्रेय.

मात्र हीच पिल्ले दूर कावेरीतही गेली. तिथे घरचा एक महसीर होता, पाठीला कुबड आणि नारिंगी पर असलेला, वजनाला पन्नास किलोच्या वर जाणारा. पाहुणा फोफावला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी यांनी आधीच टेकीला आलेला यजमान दिसेनासा होऊ लागला. दोष कुणाला द्यावा? त्या काळी महसीर म्हणजे महसीर, अशीच समजूत होती. शंभरावर वर्षे शिकाऱ्यांच्या परिचयाचा हा कुबडा, पण शास्त्राच्या दप्तरी त्याचे नाव पक्के झाले ते २०१८ साली. आमच्या भाषेत सांगायचे तर केवायसी पूर्ण झाले, तेव्हा खात्यात शिल्लक जवळजवळ उरली नव्हती.

सोळाव्या दिवशी मामा आले. मी त्यांना सगळी कथा सांगितली आणि निकाल दिला : "मामा, संकर हे औषध आहे, जेवण नव्हे. मोजकेच मासे उरले, नात्यातच गुंतले, तर त्यांच्याच कुळातले, तशाच पाण्यातले थोडे पाहुणे आणावेत. लांबचा परका जथाच आणून सोडला, तर घर भरते, पण घराणे जाते."

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजी सोयरीक लई लांबची नको, अन् घरातल्या घरातबी नको. ते पटलं. पर साहेब, पोरगी द्यायच्या आधी माणूस घरात पाणी हाय का बघतंय. आमच्या मरळीला उन्हाळ्यात डोहच ऱ्हाईना. तिला नवरा कुठला बी आणा, नांदंल कुठं?"

पंधरा दिवसांच्या माझ्या वाचनात हेच एक वाक्य मी घाईघाईने उलटले होते.

कर्ज मंजूर झाले. तलावात बाजारातली रोहू-कटल्याची बोटुकली सोडली. मात्र मामांनी सभासदांना गोळा करून आधी एका कोपऱ्याचा गाळ काढला, तिथे खोल डोह केला आणि मरळीसाठी राखून ठेवला. मे महिन्यात मी मुद्दाम बघायला गेलो. डोहात पाणी होते. मरळ दिसली नाही. पण एकदा पाणी गर्रकन हलले आणि मामा माझ्याकडे बघून हसले. फॉर्मवर मी 'देशी' आणि 'संकरित' दोन्ही तसेच ठेवून शेजारी 'विचाराधीन' असे लिहिले. साहेबांनी न वाचता सही केली.

त्याच आठवड्यात आईने विषय काढला. माझी लेक पदवीच्या शेवटच्या वर्षाला. आत्याच्या नातवाचे स्थळ चांगले आहे, घरातले आहे. मी धीर करून म्हणालो, "आई, ती आधी शिकू दे. मग तिचं ती बघेल. आणि नात्यात नको. शास्त्रात दोष सांगितलाय."

"कोणत्या शास्त्रात?"

"माशांच्या."

आईने चष्मा वर केला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "तुझे आजोबा-आजी नात्यातले. मी अन् तुझे वडील नात्यातले. तू स्वतः मामाची पोरगी केलीस. काय वाकडं झालं रे तुझं?"

मी काही बोललो नाही. फक्त हळूच हात मागे नेऊन खात्री करून घेतली. शेपटी नव्हती.