सुरतेची नववर्षे

सुरत शहरात नववर्ष वर्षातून एकदाच येत नाही. दिवाळीस तेथील व्यापारी चोपडापूजन करतात आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेस ‘बेसतुं वरस’ म्हणून एकमेकांचे अभीष्ट चिंतितात. चोपडा कोरा करकरीत असतो खरा. परंतु जुन्या वहीतील येणे-देणे त्यात उतरवून घेतल्यावाचून व्यवहार पुढे चालत नाही. पारशी बांधवांचे नववर्ष आणखी निराळे. त्यांच्या दिनगणनेत एका महिन्याचा वाद निघून १७४५ साली याच शहरात त्यांच्यात दोन तट पडले.

ख्रिस्ती लोकांचे तरी एकमत होते का? सतराव्या शतकात येथे राहणारे फ्रेंच कापुचिन धर्मगुरू आपल्याप्रमाणेच १ जानेवारीस वर्ष आरंभीत. त्यांचे शेजारी इंग्रज व्यापारी मात्र दहा दिवस मागे असलेले जुने पंचांग वापरीत आणि नवे वर्ष २५ मार्चला, म्हणजे पवित्र मरियेस देवदूताने निरोप दिला त्या सणाला धरीत. त्यामुळे ज्या जानेवारीची हकिकत आता सांगावयाची, ती आपल्या हिशेबी १६६४ ची असली तरी इंग्रजांच्या हिशेबी १६६३ चीच होती.

त्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेजवळ उधना येथे येऊन ठेपले. (आज याच उधन्यावरून आगगाडी नंदुरबार-जळगावकडे जाते, आणि पोटासाठी आलेली हजारो खानदेशी मराठी कुटुंबे उधना-लिंबायत भागात नांदत आहेत.) मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. शहर उघडे पडले. चार दिवस लूट व आग चालली. विरजी व्होरासारख्या कोट्यधीशाचा वाडाही त्यातून सुटला नाही. महाराजांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मनासही त्या आगीत होरपळलेल्या रहिवाशांची आठवण झाल्यावाचून राहात नाही, आणि राहूही नये.

त्या आगीतून वाचले कोण? इंग्रज व डच आपल्या वखारी शस्त्रांनी राखून बसले. इंग्रजांचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्सिंडेन पुढे १६६९ त निवर्तला. कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या कबरस्थानात त्याची व त्याच्या भावाची भव्य दुमजली कबर प्रवाशांस अद्याप पाहावयास मिळते. फादर आंब्रोज या कापुचिन धर्मगुरूंपाशी मात्र तोफा नव्हत्या. तरीही त्यांच्या निवासस्थानास धक्का लागला नाही. हे फिरंगी पाद्री सज्जन आहेत, त्यांना त्रास देऊ नये, अशी महाराजांची आज्ञा होती, असे त्या काळी हिंदुस्थानात असलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये याने नमूद केले आहे.

बर्नियेने आणखी एका घराचा उल्लेख केला आहे, आणि तो आपल्या काळजास अधिक भिडतो. ते घर डचांच्या एका हिंदू दलालाचे होते. दलाल त्यापूर्वीच मरण पावला होता. दाराशी येऊन विनवणी करावयास तो नव्हता, की खंडणी देऊन जीव वाचवावयास नव्हता. परंतु हयातीत तो फार दानशूर होता, असे महाराजांस समजले आणि ते घर राखले गेले. मूठ-मूठ दान देताना त्या गृहस्थाने अशा दिवसाची कल्पना तरी केली असेल काय? त्याच्या चोपड्यात ती रक्कम खर्चाच्या बाजूस पडली असेल. बर्नियेने त्याचे नाव मात्र दिलेले नाही.

सुरतेवर पुढेही संकटे आली. १६७० त महाराजांची दुसरी स्वारी झाली, १९९४ त प्लेगच्या भीतीने लाखो लोक शहर सोडून पळाले, २००६ त तापीच्या पुराने घरे बुडविली. प्रत्येक वेळी माणसे परतली, दारे उघडली, माग व पेढ्या पुन्हा सुरू झाल्या.

३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाबद्दल परमेश्वराचे आभार मानावयास आपण चर्चमध्ये जमू, तेव्हा आपल्या मृतांची नावे घेताघेता त्या निनावी दलालासाठीही एक प्रार्थना म्हणावयास हरकत नसावी.